मनगटाचा पट्टा आणि कार्पल टनेलची शस्त्रक्रिया: शिवणकाम करणारीचा अनुभव

उजव्या हाताच्या शस्त्रक्रियेला आता वर्ष होत आलं. डाव्या मनगटाला रात्री अजून पट्टा बांधते. कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबण्याचा आजार, त्याचेच दोन इलाज माझ्या दोन हातांवर झालेत, आणि ब्लाउज शिवायला येणाऱ्या बऱ्याच बायका स्वतःचं मनगट पुढे करून विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खूण सांगते. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यातच येतात. करंगळी ठणठणीत असते. रात्री हात बधिर होऊन जाग यायची, उठून झटकला की जरा बरं वाटायचं. दिवसा तुरपाई करताना सुई बोटांत आहे की सुटली हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागायचं. आमच्याकडे पहिला अंदाज मानेच्या मणक्याचा निघाला आणि मानेचा एक्स-रेही झाला. हाताच्या डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा करंगळीचंच विचारलं. करंगळीची नस वेगळी, ती या वाटेने जातच नाही. मग दोन्ही हातांची मागची बाजू एकमेकींना टेकवून मनगटं वाकवून धरायला लावली. याला फेलन चाचणी म्हणतात. मिनिट भरायच्या आत बोटं सुन्न झाली.

मनगटात खाली आणि बाजूंना छोटी हाडं, वरून जाड आडवा अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा. मधल्या बोगद्याला कार्पल टनेल म्हणतात. शिवणाऱ्यांना लगेच कळेल, हा एक नेफाच आहे, फक्त ताणला न जाणारा. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, जातात आणि त्यांच्याबरोबर मीडियन नर्व्ह ही नस. कंडरांभोवतीचं आवरण सुजलं की जागा कमी पडते आणि दाबली जाते ती नस. झोपेत मनगट दुमडतं, दाब आणखी वाढतो, म्हणून रात्रीचा त्रास जास्त.

सूज नुसत्या कामानेच येते असं नाही. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात, गरोदरपण, सगळ्यांचा संबंध असतो. माझी साखर ठीक निघाली, थायरॉइड मात्र बिघडलेलं होतं. गोळी तेव्हापासून चालू आहे. एका गिऱ्हाइकाच्या मुलीला सातव्या महिन्यात हाच त्रास झाला, तिला फक्त पट्टा दिला आणि बाळंतपणानंतर तो आपोआप गेला. म्हणून रक्ताची तपासणी आधी करा, हे मी प्रत्येकीला सांगते.

आता पट्टा. औषधाच्या दुकानात मिळतो तो, आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेला. बहुतेकांत ही पट्टी मनगट वरच्या बाजूला उचलून धरेल अशी वाकवलेली असते. या आजारात मनगट सरळ रेषेत हवं, त्यामुळे डॉक्टरांनी पट्टी काढून हाताने सरळ केली आणि परत घातली. या एका गोष्टीने माझी झोप सुधारली. बोटं मोकळी राहिली पाहिजेत, आणि करकचून बांधला तर उलट त्रास होतो. उन्हाळ्यात आत घाम येतो, मी खाली पातळ सुती मोजा कापून घालते. वेल्क्रोला दोरे आणि कापसाची भुसी चिकटते, जुन्या टूथब्रशने काढावी लागते, नाहीतर पकड जाते. सौम्य त्रासाला हा उत्तम इलाज आहे. डाव्या हाताला त्याने अजून सांभाळलंय.

उजव्याचं तसं नव्हतं. एनसीव्ही केली, म्हणजे विजेचे बारीक झटके देऊन नस किती वेगाने संदेश नेते ते बघतात. झटके चुरचुरतात, सहन होतात. उजवी मध्यमपेक्षा जास्त दबलेली निघाली. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, लग्नसराई त्यावर निघाली आणि मग मुंग्या परत आल्या. मधुमेह असलेल्यांची साखर त्याने काही दिवस वाढू शकते, तेवढं विचारून घ्या.

शस्त्रक्रियेत मला फक्त हातापुरती भूल दिली होती, मी जागी होते. तळव्याच्या बुडाशी छोटा छेद देऊन तो आडवा अस्थिबंध कापतात. तो परत शिवत नाहीत. मधली फट नव्या ऊतीने भरते आणि जागा रुंद राहते. दुर्बिणीतूनही करतात. त्यात छेद लहान असतो, कामावर थोडं लवकर परतता येतं, पण पुढे जाऊन दोन्हींचा निकाल सारखाच, म्हणून मी साधी निवडली. संध्याकाळी घरी आले. हात उंच ठेवायचा आणि बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. त्या रात्री जखम दुखत होती, पण मुंग्यांनी जाग आली नाही. किती काळाने!

टाके दोन आठवड्यांनी निघाले आणि मला वाटलं आता झालं. खरा धीर तिथून पुढे लागतो आणि हे कोणी नीट सांगत नाही. व्रणाच्या दोन्ही बाजूंना, तळव्याच्या गादीत, दाबलं की कळ येते. कणीक मळणं, जाड अस्तर कात्रीने कापणं, इस्त्री दाबणं, सगळ्यात ती आडवी येते. दोन-तीन महिन्यांत ती ओसरली. व्रणाला रोज खोबरेल लावून चोळायचे, त्याने तो मऊ पडला. मुठीतला जोरही साधारण तेवढाच वेळ घेऊन आला. बोटांच्या टोकांची जाणीव सगळ्यात शेवटी. इजा झालेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, आणि मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून बघा, म्हणजे महिने का लागतात ते कळेल. तर्जनीच्या टोकाला अजून थोडी बधिरता आहे. पण रेशीम कुठलं आणि साटीन कुठलं हे आता न बघता सांगते, हुक-डोळे लावते, बारीक सुईत दोरा ओवते.

डॉक्टरांनी डाव्या हातासाठी दोन खुणा दिल्या आहेत. बधिरता दिवसभर टिकायला लागली, किंवा अंगठ्याच्या बुडाचा फुगीर स्नायू बसायला लागला, तर पट्ट्यावर वेळ काढायचा नाही. तो स्नायू एकदा झिजला की शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरून येईलच असं नसतं. सध्या दोन्ही खुणा नाहीत. पुढची एनसीव्ही दिवाळीची गर्दी संपल्यावर.