ऑफिसात घरचा प्रिंटर: केबल की वाय-फाय डायरेक्ट?

घरचा प्रिंटर ऑफिसच्या वाय-फायला जोडला जाईना, म्हणून मैत्रीण वैतागली होती. प्रिंटर बिघडलेला नाही. ऑफिसचं नेटवर्क ८०२.१एक्स पद्धतीचं, म्हणजे ते पासवर्डसोबत युजरनेमही मागतं. तिच्या प्रिंटरच्या इवल्याशा स्क्रीनवर फक्त पासवर्ड टाकायची सोय. मग उरले दोन मार्ग: यूएसबी केबल, नाहीतर वाय-फाय डायरेक्ट, म्हणजे ऑफिसचं नेटवर्क मध्ये न घेता थेट प्रिंटरशी बिनतारी जोडणी.

यूएसबी केबलचा खर्च किरकोळ, एकदा खोचली की विसरा. पण प्रिंटर एकाच लॅपटॉपच्या दावणीला.

वाय-फाय डायरेक्टला खर्च नाही, मोबाइलवरूनही छापता येतं. मात्र काही लॅपटॉपवर जोडणी होताच ऑफिसचं नेट तुटतं, तेही नेमकं मीटिंग चालू असताना! शिवाय प्रिंटर स्वतःचं वेगळं वाय-फाय नेटवर्क सुरू करतो, ते आयटीवाल्यांना खपेलच असं नाही. आधी विचारलेलं बरं.

रोज एकट्यालाच छापायचं असेल तर केबल. मोबाइलवरून अधूनमधून दोन पानं काढायची असतील तर डायरेक्ट.