मोठा मायनस नंबर आणि मोतीबिंदू: लेन्स दूरसाठी बसवावी की जवळसाठी?

मोठा मायनस नंबर असलेल्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी एक निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवणाऱ्या लेन्सने दूरचे विनाचष्मा दिसावे, की सुमारे अडीच मायनस नंबर मुद्दाम राखून जवळचे दिसावे?

माझा नंबर उणे 14 होता आणि प्रथम ओढा अर्थातच दूरच्या पर्यायाकडे होता, कारण डोळे उघडताच चष्मा न चाचपडता समोरची भिंत स्वच्छ दिसावी, ही आमच्यासारख्यांची जन्माची हौस असते. तरीही खात्रीसाठी, मोतीबिंदू फारसा पिकलेला नसताना, दूरच्या नंबराच्या कॉन्टॅक्ट लेन्स मी आठवडाभर वापरून पाहिल्या. (डोळ्याची मापे घेण्याआधी त्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, हे ध्यानात असू द्यावे.) दुसऱ्याच दिवशी बोटात कुसळ गेले. अशा वेळी चष्मा काढायचा आणि बोट डोळ्यापाशी न्यायचे, ही माझी लहानपणापासूनची सवय. सात सेंटिमीटरवर कातडीची रेघन् रेघ दिसायची. आता बोट जवळ नेले तरी धूसर, लांब धरले तरी धूसर, आणि अखेर कुसळ दुसऱ्याकडून काढून घ्यावे लागले. वाचनाच्या चष्म्याने हे काम भागते, हे मान्य; पण उघड्या डोळ्यांनी जवळचे पाहण्याची सोय गमावणे मला सोसवेना.

दुसरे कारण गणिताचे आहे. मोठ्या मायनस नंबरात बहुधा होते तशी डोळ्याची लांबी 26 मिलिमीटरच्या पुढे गेली, की लेन्सची ताकद ठरवणाऱ्या जुन्या सूत्रांनी निवडलेल्या लेन्सनंतर नंबर प्लसकडे झुकतो. बॅरेट युनिव्हर्सल २ सारख्या सूत्रांमुळे ही चूक बरीच कमी झाली असली, तरी संपलेली नाही. शून्याचे लक्ष्य ठेवून प्लस नंबर आला, तर लांबचे आणि जवळचे दोन्ही बिघडते. उणे अडीचचे उणे दोन झाले, तर पुस्तक थोडे लांब धरावे लागते, इतकेच. माझ्या उजव्या डोळ्याचे नेमके तेच झाले.

ज्यांचा दिवस वाहन चालवण्यात किंवा मैदानावर जातो, त्यांना दूरचा पर्याय कदाचित अधिक मानवेल. वाचन, लेखन, शिवण असे काम असणाऱ्यांनी मात्र जवळच्या पर्यायाचा आधी विचार करावा, असे मला वाटते. डोळ्याचा पडदा झिजलेला असेल, तर कोणत्याही लेन्सने दृष्टी त्याच्या मर्यादेपलीकडे जात नाही. म्हणून पडद्याची तपासणी या निवडीच्याही आधी करून घ्यावी.