घाटकोपर मेट्रो स्टेशन: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

मध्य रेल्वेवर घर आणि अंधेरीच्या बाजूला नोकरी असेल तर घाटकोपर मेट्रो स्टेशन टळत नाही. मी भांडुपला राहते, ऑफिस चकाल्याला. गेल्या दिवाळीनंतर नोकरी बदलली, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हेच स्टेशन. आता पावसाळाही पाहून झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. त्याआधी आमच्याकडच्या माणसाला पश्चिमेला जायचं तर एक तर लोकलने दादरला उतरून, गाडी बदलून पुन्हा वर अंधेरीपर्यंत यायचं, नाहीतर घाटकोपरहून ३४० नंबरची बस पकडून अंधेरी-कुर्ला रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून राहायचं. माझ्या आईने ती बस बरीच वर्षं केली. घरी आली की तिच्या अंगात बोलायचंही त्राण नसायचं. आज घाटकोपर ते वर्सोवा ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, वीस-बावीस मिनिटांत होतात. चकाला त्याच्याही अलीकडे. हा रोजचा वाचलेला वेळ माझ्या घराला मिळतो, त्यामुळे पुढे जी तक्रार करणार आहे ती या मेट्रोबद्दलच्या आपुलकीतूनच आहे.

स्टेशन घाटकोपर पश्चिमेला, हिराचंद देसाई रोडच्या वर उभं आहे. खाली दुकानं आणि रिक्षा, मधल्या मजल्यावर तपासणी आणि तिकिटं, त्याच्या वर फलाट. वस्तीतली माणसं रस्त्यावरून जिना चढून येतात, पण खरा लोंढा येतो रेल्वेच्या पुलावरून. आणि तो सारखा वाहत नाही, झटक्याझटक्याने येतो. फास्ट लोकल आली की पूल भरतो, दोन मिनिटांनी जरा मोकळा होतो, तोवर स्लो येते. लोकल बारा डब्यांची, काही तर पंधरा डब्यांच्या. मेट्रो मात्र चार डब्यांची. गर्दीच्या वेळी ती चारेक मिनिटांनी सुटते, वेळेवर सुटते, पण बारा डब्यांतून उतरलेली माणसं चार डब्यांत मावणार कशी? घाटकोपरच्या गर्दीचं मूळ इथे आहे. लोक जिन्यांना, तपासणीच्या रांगेला, सुरक्षारक्षकांना बोल लावतात. मला ते पटत नाही. रक्षक दोरी धरून रांग थांबवतात तेव्हा राग येतो खरा, पण वर फलाटावर पोहोचल्यावर कळतं की त्यांनी थांबवलं नसतं तर काय झालं असतं.

ही लाइन आखतानाच फलाट सहा डब्यांच्या गाडीला पुरतील इतके लांब ठेवले आहेत. फलाटाच्या टोकाशी उभं राहिलं की गाडीच्या पुढे-मागे उरलेली रिकामी जागा रोज दिसते. रोजच्या प्रवाशाने मागणी करायची तर ती एकच: सहा डबे. रंगरंगोटी आणि नवे फलक नंतर.

सकाळी सव्वाआठच्या आत पोहोचलं तर फारसा त्रास नाही. नऊ ते साडेदहा सगळ्यात वाईट. हे शेवटचं स्टेशन असल्यामुळे गाडी इथे पूर्ण रिकामी होते, म्हणून एखादी गाडी सोडायची तयारी असेल तर पुढच्या गाडीत बसायलाही मिळतं. तिकिटाच्या खिडकीशी मात्र उभं राहू नका. कार्ड घ्या, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर तिकीट काढून ठेवा. पाठीवरची बॅग तपासणीच्या आधीच हातात घेतली की आपलाही वेळ वाचतो, मागच्याचाही.

संध्याकाळची अडचण वेगळी. मेट्रोतून उतरणं सोपं, पुढचं कठीण. आम्हा स्लो गाडीवाल्यांना कल्याणच्या दिशेचा एक नंबरचा फलाट गाठायचा असतो, आणि त्या जिन्यावर खालून येणारे आणि वरून उतरणारे समोरासमोर येतात. इथे घाई करू नये. गर्दी हलते त्या गतीनेच हलायचं, कठडा धरून. सासऱ्यांना डॉक्टरकडे नेते तेव्हा दुपारी बाराच्या पुढे निघते. तेव्हा लिफ्टला थांबावं लागत नाही आणि त्यांना गाडीत बसायलाही मिळतं. वयस्कर माणसाला सकाळच्या गर्दीत इथे आणू नका, हे अगदी मनापासून सांगते.

पावसाळ्यातली एक गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. कुर्ला-शीवकडे रुळांवर पाणी आलं की लोकल रखडते, मेट्रो मात्र उंचावरून चालूच राहते. म्हणजे अंधेरीकडून माणसं येत राहतात आणि घाटकोपरला अडकतात. पूल भरलेला, फलाट भरलेला, खाली रस्त्यावर रिक्षा नाही. म्हणून जोराचा पाऊस असेल तेव्हा मी ऑफिसातूनच लोकलची स्थिती पाहते आणि मगच चकाल्याला गाडीत चढते. तिथे थांबणं सुरक्षित, घाटकोपरला थांबणं नाही.

प्रवास म्हणाल तर छान आहे. घामाघूम लोकलमधून उतरून वातानुकूलित डब्यात शिरलं की जिवाला बरं वाटतं. जागृती नगर सोडलं की असल्फ्याच्या टेकडीवरची रंगवलेली घरं दिसतात. मी अजूनही मान वळवून बघते.

विमानतळावर जायचं असेल तर आता टॅक्सीची गरज नाही. घाटकोपरहून मरोळ नाक्याला उतरायचं, तिथून भुयारी मेट्रो ३ पकडायची, पुढचंच स्टेशन टी-२. एअरपोर्ट रोड नावाच्या स्टेशनवर उतरू नका, तिथून टर्मिनलपर्यंत सामान ओढत चालणं होत नाही. माझ्या नणंदेला पहाटेच्या विमानासाठी हे सुचवणार होते, पण इतक्या लवकर मेट्रो सुरूच होत नाही. दिवसाचं विमान असेल तर मात्र एक मोठी बॅग घेऊन अकराच्या पुढे बिनधास्त निघा.