चौथं झाड शोधायचं की दोरी फिरवायची? गवताळ जंगलात झाडं मोजताना

सामूहिक वनहक्काच्या जंगलाचा आराखडा करायला बसलं की निस्तारासाठी, म्हणजे गावाच्या घरगुती गरजेसाठी, दरवर्षी किती बल्ल्या (सरळ वासे) काढायच्या हा प्रश्न येतोच, आणि त्यासाठी आधी हेक्टरी झाडं किती, कुठल्या गोलाईची (खोडाच्या घेराची) किती, हे माहीत पाहिजे. आमच्या यवतमाळकडच्या जंगलात साग, धावडा, लेंडिया, मधेच तेंदू-मोह, आणि मधल्या मोकळ्या जागांत कंबरभर कुसळी गवत. अशा जंगलात मी दोन्ही पद्धती वापरल्यात, पॉइंट-क्वार्टर पण आणि गोल प्लॉट पण, त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

पॉइंट-क्वार्टरने सुरुवात केली कारण ती खरंच हलकी आहे. कॉटम आणि कर्टिस यांनी १९५६ मध्ये मांडलेली ही पद्धत, एका पॉइंटवर उभं राहायचं, चार दिशांचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागातलं सगळ्यात जवळचं झाड धरायचं, अंतर आणि गोलाई लिहायची, पुढे चला. दोन माणसं, एक टेप, पंधरा-वीस मिनिटांत पॉइंट उरकतो. सीमा आखायची नाही, दोरी नाही, काही नाही. सलग, बऱ्यापैकी विखुरलेल्या झाडांचं जंगल असेल तर मी आजही हीच वापरेन, त्यात तिला नाव ठेवायला जागा नाही.

पण गवताळ जंगलात चौथं झाड सापडत नाही. म्हणजे तीन भागांत सागाची झाडं तीन-चार मीटरवर उभी असतात आणि चौथा भाग नेमका मोकळ्या गवतात उघडतो. मग टेप घेऊन कुसळीतून चालायचं, कुसळं पायमोज्यांतून आत टोचतात, आणि लांबवर एक तेंदू दिसतो न् त्याच्या जरा बाजूला एक मोह, दोघांतलं जवळचं कुठलं यावर वाद, म्हणून दोन्हीकडे टेप न्यायचा. एवढं करून हातात काय, तर ३, ३, ४ आणि ३४ मीटर. सरासरी ११, तिचा वर्ग करून दहा हजारांना भागलं की हेक्टरी ८२-८३ झाडं. तेच चौथं झाड ६ मीटरवर असतं तर सरासरी ४ आणि हेक्टरी ६२५! पॉइंट बरेच घेतले की हे थोडं सावरतं हे खरंय, पण झाडं अशी घोळक्या-घोळक्याने असली की ही पद्धत घनता कमीच दाखवते. आम्ही एका तुकड्यात खडूने खुणा करत एकूण एक झाड मोजून पाहिलं, तर पॉइंट-क्वार्टरचा आकडा जवळपास एक तृतीयांशाने कमी निघाला. एका तुकड्यावरून सगळ्या जंगलाचं ठरवू नये, पण माझा विश्वास तिथे डळमळला तो डळमळलाच.

त्यात आमचा साग म्हणजे खुंटाचे फुटवे. एका खुंटाला चार बल्ल्या, छातीच्या उंचीच्या खालीच फुटलेल्या, म्हणून चार वेगळी खोडं मोजायची. पॉइंट-क्वार्टर त्यातलं एक घेतं आणि बाकी तीन वहीत येतच नाहीत, आणि निस्तारात तर आपण बल्ल्याच काढणार ना?

गोल प्लॉटमध्ये मधे एक खुंटी ठोकायची, १७.८४ मीटरची दोरी फिरवायची, झाला ०.१ हेक्टर. आतलं प्रत्येक खोड, १.३७ मीटर उंचीवर गोलाई. गवत असलं तर असलं, मोकळी जागा मोकळी म्हणूनच मोजली जाते, तिथे झाड शोधत फिरावं लागत नाही. कडेच्या दोन-तीन झाडांवर थोडी चर्चा होते, खोडाचा मध्य दोरीच्या आत तर आत. त्याच खुंटीवरून ५.६४ मीटरची छोटी दोरी फिरवून रोपं-पोरं मोजता येतात, आणि माझ्या मते तीच खरी कमाई, कारण ३० सेंटीमीटर गोलाईच्या खालचं काही उगवतच नसेल तर वरच्या बल्ल्या किती आहेत याला अर्थ नाही. उतारावर मात्र दोरी जमिनीला टेकवून नको, आडवी ताणून धरा, नाहीतर वर्तुळ कमी पडतं.

वेळ जास्त जातो, हे मान्य. एका प्लॉटला चार माणसं आणि पाऊण तास, फुटवे जास्त असले तर अजून थोडा. मनुष्यबळ अगदीच नसेल तर बिटरलिकची पद्धतही आहे (एका जागी उभं राहून ठरावीक कोनातून बघत झाडं मोजायची), पण तिच्यात हातात थेट येतो तो खोडांच्या छेदाचा एकूण आकडा, झाडांची संख्या काढायला परत गोलाया मोजाव्याच लागतात, म्हणून मी तिच्या वाटेला गेलो नाही.

तुमच्याकडे जंगल सलग असेल तर पॉइंट-क्वार्टर जरूर करून बघा, मी कुणाला मोडता घालणार नाही. मोकळ्या जागा आणि फुटव्यांचा साग असेल तर मी दोरीच घेऊन जाईन. जानेवारीत गवतकापणी झाल्यावर जा, कुसळं बरीच झडलेली असतात आणि सागाची काही पानं अजून झाडावर असतात, दुरून ओळखायला सोपं जातं.