हैदराबादला इंधन बनवायचं की कैग्यात वापरायचं?

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर, सीएनसी यंत्रावर हात बसलेल्या खानापूर-निपाणीकडच्या मुलांनी अणुऊर्जा विभागातल्या प्रशिक्षणार्थी जागांचा विचार केला, की दोन नावं समोर येतात. अणुइंधन बनवणारं हैदराबादचं न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स आणि त्यापासून वीज बनवणारं आपल्या शेजारचं, कारवारकडचं कैगा. दोन्हीकडे युरेनियमच, पण काम अगदी वेगळं.

१९७१ साली सुरू झालेला हैदराबादचा कारखाना मुळात पावडर मेटलर्जी आणि मशीन शॉप आहे. युरेनियम ऑक्साईडची भुकटी दाबून बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या करतात, हायड्रोजनच्या भट्टीत १७०० अंशांच्या आसपास भाजतात, ग्राइंडिंग करून मापात आणतात. झिर्कॅलॉय या मिश्रधातूच्या पातळ नळ्यांत गोळ्या भरून टोकं वेल्ड करतात. अशा १९ नळ्यांचं एक बंडल, अर्धा मीटर लांब. वेल्ड गळतंय का, हे हेलियमने तपासतात, कारण पुढे अणुभट्टीत एक नळी जरी फुटली तरी किरणोत्सारी द्रव्य थेट शीतक पाण्यात उतरतं. मायक्रॉनची शिस्त अंगी असलेल्या टर्नर-फिटरला ही जागा मानवेल.

कैग्यात २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. एकीत बंडलं ठेवायच्या ३०६ मोठ्या आडव्या नळ्या, प्रत्येकीत १२ बंडलं, म्हणजे ३,६७२ बंडलं. भट्टी न थांबवता एका टोकाने नवं बंडल आत सारतात, दुसऱ्या टोकाने जुनं बाहेर काढतात. म्हणून तर तिथलं पहिलं युनिट सलग ९६२ दिवस चाललं, २०१८च्या अखेरपर्यंत. इथे पाळ्या, पंप, व्हॉल्व्ह, नियंत्रण कक्ष आणि देखभाल.

घरच्यांचा पहिला प्रश्न रेडिएशनचा असतो आणि तो रास्तच आहे. नवं बंडल हातमोजे घालून उचलता येतं. हैदराबादला जपायचं ते भुकटीपासून, ती श्वासातून आत जाता कामा नये. कैग्यातलं वापरलेलं बंडल मात्र पाण्याखालीच ठेवावं लागतं, शिवाय भट्टीतल्या जड पाण्यात तयार होणाऱ्या ट्रिटियमची, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनची, काळजी वेगळी. कामगाराच्या अंगावर येणाऱ्या रेडिएशनची मर्यादा दोन्हीकडे एकच: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक). नियम पाळणाऱ्याला मी दोन्हीकडे निर्धास्त पाठवीन.

माझा कौल हातात कसब असलेल्यासाठी हैदराबादला आहे. पण घरी आई-वडील एकटे असतील, तर रामनगर-जोयड्यावरून अणशी घाट उतरला की काळी नदीकाठी कैगा. सुट्टीला गावी येणं जमतं. शेतीवाडी बघायची असेल तर हे फार मोलाचं आहे.