भिंग कुठलं ते सांगतील, कशाचं ते विचारावं लागेल

मालवणात माझी खानावळ आहे. सरंगा ताजा की बर्फातला, हे मी कल्ल्यांच्या लालीवरून ठरवते. गेल्या वर्षी ती लाली विटकरी दिसायला लागली आणि कोळणीशी दोनदा उगाच भांडले. तपासलं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

उजवा डोळा जिल्ह्यातल्याच एका हॉस्पिटलात केला. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही आहे.

काउंटरवर डोळ्यात बसवायच्या भिंगांच्या दरांचा तक्ता: साधं, भारतीय फोल्डेबल, इंपोर्टेड. "कशाचं बनवतात गो हे?" विचारलं, तर पोरगी म्हणाली, "इंपोर्टेड आहे काकी." बटाटेसुद्धा मी एवढी कमी चौकशी करून घेत नाही!

भाच्याचं मेडिकल आहे, त्याने सांगितलं. रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९४९ साली लंडनला पहिलं भिंग बसवलं, ते कडक प्लास्टिकचं. युद्धात विमानाच्या छतातल्या त्याच प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत राहूनही डोळा बिथरत नाही, हे त्याने पाहिलं होतं. कडक भिंगाला छेद मोठा लागतो. मऊ अ‍ॅक्रिलिक गुंडाळून तीन मिलिमीटरपेक्षा कमी छेदातून जातं. सिलिकॉनचंही गुंडाळता येतं, पण युरोपातल्या २००७ च्या मोठ्या अभ्यासात सिलिकॉनवाल्यांना जंतुसंसर्ग अ‍ॅक्रिलिकपेक्षा जास्त झालेला दिसला. पाणी धरणाऱ्या अ‍ॅक्रिलिकवर क्वचित पुढे कॅल्शियम साचून ते दुधाळ होतं. मी पाणी न धरणारं घेतलं, भारतीय.

पण भाच्याचं खरं म्हणणं वेगळंच होतं. "मावशी, जंतू बहुतेक वेळा आपल्याच पापण्यांवरचे असतात. भिंग महाग घेतलंस म्हणून ते थांबत नाहीत. ऑपरेशनआधी डोळ्यात बेटाडिन, म्हणजे जंतू मारणारं औषध, किती वेळ ठेवतात ते बघ."

म्हणून बघितलं. तपकिरी थेंब टाकले, चरचरलं, आणि सिस्टरने घड्याळ धरून पूर्ण तीन मिनिटं थांबवलं. भिंगाचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं, नंबर मोठ्याने वाचला. भूल नुसत्या थेंबांची, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. "मावशी, डोळो हलवू नकात हां," डॉक्टर म्हणाले. भिंग पिचकारीसारख्या नळीतून थेट आत सोडलं, पापणीला लागलंच नाही. शेवटी अँटिबायोटिकही डोळ्याच्या आत सोडलं. इथे पैकीच्या पैकी गुण.

आता तक्रार. दुखलं, लाल झालं, अंधुक दिसलं तर त्याच दिवशी या, रविवार असला तरी, असं बजावून पाठवलं. चौथ्या रात्री खुपायला लागलं, कागदावरचा नंबर फिरवला, तर रिंग वाजत राहिली. सकाळी रिक्षाने गेले. निघालं काही नाही, नुसता कोरडेपणा. पण ती रात्र मी आरशासमोर काढली.

महिनाभर मासे साफ करायला बंदी होती. सुनेने केले. खवलं राहायची, ती मला आता लांबून दिसायची.

डावा डोळा दिवाळीनंतर तिथेच करणार आहे. मात्र आगाऊ रक्कम भरायच्या आधी, रात्री उचलला जाईल असा मोबाइल नंबर मागून घेणार, आणि काउंटरवर उभ्या उभ्या लावून बघणार.