विमानातील सीटवर लक्ष ठेवणारी सेवा : काही महिन्यांच्या वापरानंतर

हवी ती सीट मोकळी झाली की मोबाइलवर सूचना देणारी एक सशुल्क सेवा मी गेले काही महिने वापरत आहे. विशिष्ट क्रमांकाची, किंवा खिडकीची वा आइलची (ये-जा करण्याच्या वाटेलगतची) कोणतीही, सीट तिला नेमून देता येते. सूचना आल्यावर विमान कंपनीच्या अ‍ॅपवर जाऊन सीट बदलून घेण्याचे काम मात्र आपणच करायचे असते.

तिकीट काढल्यानंतर बराच काळ ही सेवा जवळजवळ मुकी असते आणि खरी हालचाल शेवटच्या एक-दोन दिवसांत सुरू होते. त्याला कारणे आहेत. वरच्या वर्गात बढती मिळालेल्या प्रवाशांच्या जुन्या सीट सुटतात, आणि तान्ही मुले, अपंग प्रवासी किंवा एकत्र बसू पाहणारी कुटुंबे यांच्यासाठी राखून ठेवलेल्या रांगा गरज नसेल तर चेक-इनच्या सुमारास खुल्या होतात. या काळात सूचना वेळेवर आल्या आणि मधल्या सीटवरून आइलला जाणे मला अनेकदा जमले. एवढ्यापुरती सेवा चोख आहे.

तिची खरी मर्यादा विमान बदलले की उघडी पडते. समजा, एअरबस ए३२० मध्ये आपण पंखावरील आपत्कालीन दाराजवळची रांग पैसे भरून घेतली आणि ऐनवेळी त्या जागी जुन्या रचनेचे ए३२१ आले. या विमानात पंखावर दारेच नाहीत. मधली दारे पंखाच्या पुढे आणि मागे आहेत. त्यामुळे सीटचा क्रमांक तोच राहिला तरी पाय पसरायची जागा गेलेली असते, आणि सेवेला फक्त क्रमांक कळत असल्याने ती गप्प बसते. आपल्याच नावावरची सीट संगणकाने परस्पर बदलली तरीही ती काही बोलत नाही, हे मला अधिक खटकते, कारण सेवेचे पैसे भरणाऱ्याला तीच बातमी सर्वांत आधी हवी असते. एकदा माझी पैसे भरून घेतलेली सीट अशीच शेपटाकडच्या मधल्या जागेवर गेली आणि ते बोर्डिंग पासवरूनच कळले.

म्हणून सूचनांवर विसंबून न राहता मी आदल्या दिवशी आणि निघण्यापूर्वी पुन्हा एकदा बुकिंग उघडून विमानाचा प्रकार व सीट दोन्ही पाहतो. विमान बदललेले दिसले, तर नव्या नकाशात चांगल्या जागा काही वेळ रिकाम्या सापडतात. सीटच्या शुल्काची पावतीही मी जपून ठेवतो. अमेरिकेतील २०२४ च्या नियमानुसार, पैसे भरलेली अशी सेवा विमान कंपनीने न दिल्यास तिचे शुल्क परत मिळण्याचा हक्क आहे. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमातील ३०, ५० किंवा ७५ टक्के परतावा मात्र खालच्या वर्गात बसवल्यास मिळतो. खिडकी जाऊन मधली सीट आली तर त्याचा उपयोग नाही.

विमानतळावर होणाऱ्या बदलांपुढे कोणतेही अ‍ॅप हतबल आहे. छोट्या विमानात वजनाचा तोल साधण्यासाठी प्रवाशांना हलवले जाते आणि आपत्कालीन रांगेत बसण्यास असमर्थ व्यक्तीला तेथून उठवावेच लागते. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. मी वर्गणी चालू ठेवली आहे, पण ती वापरतो फक्त लांब पल्ल्याच्या, रात्रीच्या प्रवासासाठी.